नाणे कशाने बिघडले, हे कसे ओळखावे

जुन्या नाण्याला इजा होण्याच्या जागा तीन. पहिली टांकसाळ, दुसरी बाजार आणि तिसरी बाजारातून बाहेर पडल्यानंतरची, म्हणजे जमीन, नदी, पेटी किंवा देवघर. नाण्यावरची प्रत्येक खूण यांपैकी कुठली हे ठरवल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. टांकसाळीतला दोष नाण्याच्या जन्माबरोबरच आलेला असतो, आणि संग्राहक कधीकधी त्यालाच जास्त किंमत देतात. बाजारातली खूण म्हणजे नाणे कोणाकोणाच्या हातून गेले याची नोंद. उरलेली इजा हे बहुधा निव्वळ नुकसान असते, तरी नाणे कुठे आणि कसे पडून होते हे तीच सांगते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुनी नाणी घरोघरी निघतात. सातारा ही १७०८ पासून शाहू महाराजांची राजधानी. मिरजेचे नाव मुर्तजाबाद म्हणून मोगल नाण्यांवर येते. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पडू लागलेली तांब्याची शिवराई या मुलखात इंग्रजी अमलातही पुष्कळ वर्षे चालत होती. त्यामुळे एखाद्या जुन्या डब्यात शिवराई, पेशवाईतला फारसी अक्षरांचा रुपया, राणी छाप रुपया आणि भोकाचा पैसा एकत्र सापडले तर नवल नाही. या चौघांची घडण वेगळी असल्यामुळे त्यांच्या इजाही वेगळ्या पद्धतीने वाचाव्या लागतात.

तपासणीआधी नाणे धुऊ नये. घासू तर मुळीच नये. नाण्यावरचा मळ, गंज आणि माती हाच पुरावा असतो, कारण इजांचा क्रम थरांवरून लागतो. ओरखड्याच्या तळाशी तोच हिरवा-तपकिरी थर असेल जो बाकी पृष्ठभागावर आहे, तर ओरखडा त्या थराच्या आधीचा, म्हणजे जुना. ओरखडा थर कापून गेला असेल आणि आत तांबूस किंवा पांढरी धातू चमकत असेल, तर तो अलीकडचा. हा एक नियम नीट वापरला तरी निम्मी कोडी सुटतात, आणि एकदा नाणे घासले की तो कायमचा हातातून जातो.

साधने साधीच लागतात. जवाहिरे वापरतात ते दहापट भिंग, शतांश ग्रॅम दाखवणारा सराफी काटा, जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, एक लोहचुंबक आणि टॉर्च. टॉर्च नाण्याच्या पातळीला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे तिरप्या उजेडात उथळ दबलेली जागाही सावली टाकते. समोरून पडलेल्या उजेडात तीच जागा सपाट दिसते. नाण्याची छापा बाजू पाहून झाली की त्याच ठिकाणी काटा बाजू पाहावी, आणि कड विसरू नये. जोर एका बाजूने बसला असेल तर त्याचा परिणाम बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला किंवा कडेला दिसतो. ठशाचा दोष मात्र एकाच बाजूपुरता राहतो.

टांकसाळीतले दोष ओळखताना सगळ्यात जास्त फसवते ती शिवराई. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ दोन ओळींत असते. उत्तरकाळातल्या एका प्रकारात मध्ये दोन आडव्या रेषा येतात म्हणून तिला दुदांडी म्हणतात. ही नाणी हाताने पाडली जात. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवून, वर दुसरा ठसा धरून हातोडा हाणला जाई. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून अक्षरे कडेला कापलेली दिसतात. ‘श्री’ नाहीच, ‘राजा’चा ‘जा’ अर्धा, ‘पति’ची वेलांटी गायब, असली शिवराई तुटलेली किंवा कोणी कातरलेली नसून तशीच जन्मलेली असते. कड वेडीवाकडी असणे हाही दोष नव्हे. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने चालत आणि मक्तेदारागणिक कारागिरी बदले, तेव्हा दोन शिवराया हुबेहूब सारख्या निघाल्या तरच शंका घ्यावी. आजकालच्या ओतीव नकला तशा असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर भिंगातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात.

शिवराईच्या कडेला आत शिरलेल्या चिरा हा वेगळा प्रश्न. चकतीवर घाव पडला की तांबे बाहेर पसरते आणि कड फाटते. अशा चिरेची तोंडे बोथट व गुळगुळीत असतात, आत बाहेरच्यासारखाच थर असतो, आणि चिरेजवळचे अक्षर फाकलेले दिसते. नाणे वाकवल्यामुळे पुढे कधीतरी पडलेली चीर आत खरखरीत राहते, तिची तोंडे धारदार असतात आणि नाणे त्या जागी किंचित उंचसखल झालेले असते.

झीज आणि कच्चा ठसा यांतही गल्लत होते. झिजेत उंच भाग आधी जातात आणि सगळे नाणे हळूहळू गुळगुळीत होते. ठसा कच्चा पडलेला असेल तर एक कोपरा कोरा राहतो, त्यावर मूळ चकतीच्या ठोकणीच्या खुणा तशाच दिसतात आणि शेजारचे अक्षर मात्र ताजे, टोकदार असते. वजनही मदतीला येते. पूर्ण वजनाची जुनी शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते, नंतरच्या काळातल्या हलक्या असतात. त्यामुळे कमी वजन हा एकटा पुरावा कधीच पुरेसा नाही.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांत हे वाचन सोपे होते, कारण तिथे मूळ माप ठरलेले असते. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा आणि पुढचा राणी छाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, पाव आणा ६.४७ ग्रॅमचा. उठावदार वेडीवाकडी रेघ दिसली तर ती ठशाला गेलेल्या तड्याची; तड्यात धातू शिरते आणि नाण्यावर रेघ वर येते. आत गेलेली रेघ नंतरची, कारण ओरखड्यात धातू बाजूला ढकलली जाऊन दोन्ही काठांवर बारीक कंगोरा उठतो. अपवाद आहे. पाडताना ठसा आणि चकती यांच्यामध्ये धागा किंवा कचरा अडकला तरी खोलगट खूण उमटते, पण तिला कंगोरा नसतो आणि तिच्या कडा मऊ असतात. कडेचा अर्धचंद्र तुकडा कापलेला दिसल्यास बरोबर समोरची कड तपासावी. चकतीच मुळात कमी कापली गेली असेल तर समोरची कडही दबकी, अस्पष्ट राहते. समोरची कड पूर्ण ठसठशीत असेल तर तुकडा नंतर कापला गेला.

१९४३ ते १९४७ मधल्या भोकाच्या पैशाचे भोक टांकसाळीतलेच आहे, हे सांगण्याची गरज आता पडू लागली आहे. काही पैशांची कड मात्र चेपलेली आणि भोकाभोवती घट्ट आवळल्याचे वर्तुळ उमटलेले असते. तो पैसा वायसर म्हणून बोल्टखाली गेला होता.

बाजारातल्या खुणांत पहिला मान सराफाचा. वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत चालत तेव्हा प्रत्येकावर कसाप्रमाणे बट्टा ठरे, आणि पोतदार किंवा सराफ नाणे पारखून आपली बारीक मोहर ठोकून देई. चंद्रकोर, फूल, ठिपके, एखादे अक्षर अशा या खुणा दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. तळ सपाट, बाह्यरेषा नेमकी, आणि बहुतेक वेळा मागच्या बाजूला त्याच जागी किंचित चपटेपणा. खिळ्याने किंवा दगडाने झालेल्या खळग्याला अशी नेमकी आकृती नसते. एकाच रुपयावर पाच-सहा खुणा असतील तर त्यांतली कोणती कोणावर चढली आहे हे भिंगातून पाहावे. तो रुपया कोणत्या क्रमाने हात बदलत गेला ते कळते. अशा नाण्याला ‘खराब’ म्हणून बाजूला टाकणे हा संग्राहकांचा उतावीळपणा आहे. इतिहासाच्या दृष्टीने कोऱ्या रुपयापेक्षा तो जास्त बोलका.

कडेवर छिन्नीने दिलेला एक खोल छेद हा आत तांबे आहे की चांदी हे पाहण्यासाठीचा. छेदाच्या तळाशी तांबूस रंग आणि वर चांदीचा पापुद्रा दिसला तर नाणे मुलाम्याचे आणि सराफाची शंका खरी. इंग्रजी अमलात कापण्याचा अधिकार सरकारी खजिन्याकडेही आला. १९०६ च्या नाणे कायद्याने दोन टक्क्यांहून जास्त वजन घटलेला रुपया कायदेशीर चलन राहिला नाही, आणि असे हलके किंवा बनावट नाणे खजिन्यात आले तर ते कापून टाकण्याची तरतूद होती. म्हणून राणी छाप रुपया कात्रीने कापावा तसा सरळ, एका दमात अर्धा चिरलेला आढळला तर तो पोराटोरांचा उद्योग समजू नये. त्याचे वजन आधी पाहावे.

कड कातरून चांदी काढण्याची जुनी चोरी हातपाड्या रुपयावर ओळखणे अवघड, कारण त्याची कड मुळातच अनियमित. तरी कातरलेली जागा सरळ आणि धारदार असते, तर मूळ कड गोलसर. यंत्राच्या दातेरी कडेवर मात्र कानस फिरवली की लगेच कळते.

दागिन्यात गेलेली नाणी या दोन जिल्ह्यांत फार. पुतळीच्या माळेपासून लमाणी बायांच्या पोशाखावर टाकलेल्या रुपयांपर्यंत नाण्याला भोक पाडण्याची किंवा कडी झाळून लावण्याची रीत सगळीकडे होती. भोक पाडलेल्या नाण्यात ते कोणत्या बाजूने पाडले हे पाहावे. पंच ज्या बाजूने शिरला ती बाजू आत वळते, दुसऱ्या बाजूला कडा बाहेर येतात. गिरमिटाने पाडलेले भोक दोन्हीकडून स्वच्छ असते आणि आतल्या भिंतीवर गोल चरे दिसतात. भोकाचा वरचा काठ दोऱ्याने किंवा तारेने झिजून लांबट झाला असेल तर नाणे बराच काळ गळ्यात होते.  कडी काढून टाकलेल्या नाण्यात कडेला झाळेचा राखट डाग, त्याभोवती आचेने बदललेला रंग आणि कानशीचे चरे असे तीन पुरावे एकत्र मिळतात. विकणाऱ्याने ती जागा चोळून गुळगुळीत केली तरी काट्यावर वजन वेगळे येते आणि वाजवल्यावर नाद बदलतो.

नाद ऐकण्याची जुनी पद्धत इथे जपूनच वापरावी. खणखणीत वाजणारे खरे आणि बद्द वाजणारे खोटे हा नियम चलनातल्या धडधाकट नाण्यांपुरता. तडा गेलेले अस्सल नाणेही बद्द वाजते, आणि शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी आतून इतकी ठिसूळ होते की फरशीवर टाकताच तिचे दोन तुकडे होतात.

देवघर ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. टाकांशेजारी ठेवलेला रुपया किंवा शिवराई लक्ष्मीपूजनाला पंचामृताने धुतली जाते, एरवी चिंच, राख किंवा पितांबरी लावून लख्ख केली जाते. चिंचेतले आणि लिंबातले आम्ल तांब्यावरचा संरक्षक थर उतरवते. राखेचे कण पृष्ठभाग खरवडतात. अशा नाण्याची लक्षणे ठरलेली आहेत. रंग अनैसर्गिक गुलाबी, उंच भाग गुळगुळीत, अक्षरांच्या खोबणीत मात्र काळपट मळ, हळद-कुंकवाचा लाल-पिवळा अंश आणि कधी घट्ट बसलेली पांढरी पूड. तिरप्या उजेडात एकाच दिशेने गेलेले असंख्य केसासारखे चरे चमकतात. व्यवहारातल्या झिजेत चरे सर्व दिशांना विखुरलेले असतात, म्हणून हा भेद नेमका आहे. माणसाच्या हातांनी आणि चांगल्या भावनेने झालेले हे नुकसान जमिनीतल्या नुकसानापेक्षा अनेकदा मोठे असते, हे कटू असले तरी खरे आहे.

पेटीतल्या नाण्यांना वेगळ्या तक्रारी. चांदीच्या रुपयांना रबरबँड लावून ठेवले तर रबरातल्या गंधकाने बँडच्या रुंदीचा काळा पट्टा उमटतो. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यांवर चिकट हिरवा लेप येतो. हा लेप बोटाला चिकटतो. जमिनीतल्या गंजाची हिरवी पूड झडते. फरक एवढा सोपा आहे.

जमिनीतली नाणी वाचताना गाव कळणे फार उपयोगी, कारण या दोन जिल्ह्यांत माती आणि पाऊस पंचवीस-तीस कोसांत पालटतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागात जांभा आणि धो-धो पाऊस. निचरा होणारी, आम्लधर्मी माती तांबे सतत विरघळवत राहते, म्हणून तिथले नाणे पातळ, खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचे निघते आणि त्यावर जाड थर साचत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात त्याच काळातले नाणे अक्षरांसह टिकून राहिलेले असू शकते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चुना असतो. तिथे घट्ट, गुळगुळीत हिरवा थर आणि त्यावर चुनखडीचे पांढरे खडे बसतात. हा थर नाण्याचे रक्षणच करतो.

खरा धोका वाळवा, मिरज, पलूस भागातल्या क्षारपड जमिनींत. पाटपाण्याने आणि उसाने वर आलेल्या क्षारांत क्लोराइड असते आणि ते तांब्याच्या नाण्यात खोल शिरते. नाणे बाहेर काढल्यावर काही आठवड्यांनी, विशेषतः पावसाळी हवेत, त्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड ठिपक्या-ठिपक्यांनी उगवते. पूड झटकली की खाली खड्डा दिसतो आणि काही दिवसांत पूड परत येते. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. गडद, कठीण, न झडणारा हिरवा थर आणि ही फिकट पूड यांची गल्लत होऊ देऊ नये, कारण पहिल्याला हात लावायचा नसतो आणि दुसरीला तातडीने कोरडी हवा लागते.

चांदीचे नाणे हिरवे निघाले म्हणून ते तांब्याचे ठरत नाही. हिणकस चांदीतले तांबे आधी बाहेर पडते आणि वर हिरवा लेप करते. क्षारयुक्त जमिनीत चांदीवर राखाडी-जांभळट, मेणासारखा मऊ थर येतो. तो नखाने खरवडला जातो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात.

गाडग्यात किंवा तांब्यात पुरलेल्या नाण्यांवर आणखी एक गोष्ट सापडते. शेजारचे नाणे जिथे टेकले होते तिथे गंजात त्याच्या गोलाईची चंद्रकोर उमटते, आणि पुरचुंडीत बांधलेले असेल तर कापडाची वीणही गंजात शाबूत राहते. एकटे सापडलेले नाणे मुळात एखाद्या पुंजीतले होते हे अशा चंद्रकोरीवरून सिद्ध होऊ शकते.

नदीतले नाणे वेगळे. माहुलीचा संगम, कराडचा प्रीतिसंगम, वाईचे घाट, सांगलीचा आयर्विन पूल अशा ठिकाणी टाकलेली नाणी वाळूबरोबर लोळतात. कड गोल होते, उंच भाग आणि खोलगट भाग दोन्ही सारखेच बोथट होतात, पृष्ठभाग दाणेदार राहतो. खिशातल्या झिजेत खोलगट भाग वाचतो. गाळात रुतलेली नाणी मात्र काळीकुट्ट पण तीक्ष्ण निघतात, कारण हवा नसलेल्या गाळात गंधकाचा काळा थर येतो आणि घासणी होत नाही.

ताज्या यांत्रिक इजा ओळखायला वेळ लागत नाही. नांगराचा फाळ किंवा रोटाव्हेटरचे पाते लागलेल्या नाण्यावर एकच खोल, चमकदार घाव असतो, नाणे त्या जागी वाकते आणि जुना थर पापुद्र्याने उडतो. रुळावर ठेवलेले नाणे एका दिशेला लांबते, अक्षरे त्याच दिशेला ताणली जातात आणि कड पात्यासारखी पातळ होते. नाण्याचे लोहचुंबक होते या समजुतीपायी पुणे–मिरज मार्गावर कितीतरी पैसे चाकाखाली गेले असतील. आगीत सापडलेल्या चांदीवर फोड येतात, आणि राणी छाप रुपयासारखी तांबेमिश्रित चांदी ७८० अंश सेल्सियसनंतर कडेने पाझरू लागते, तर तांबे १,०८५ अंशांपर्यंत तग धरते. म्हणून एकाच जळक्या पेटीत रुपये चिकटून गोळा झालेले आणि पैसे नुसते काळवंडलेले मिळतात.

प्रत्यक्षात एका नाण्यावर दोन-तीन इजा एकत्र असतात आणि तिथे थरांचा क्रम कामाला येतो. समजा, शिवराईला भोक आहे, भोकाच्या आत हिरवा थर आहे, भोकाच्या वरच्या काठाला झीज आहे, एका बाजूला चकचकीत घाव आहे आणि सगळे नाणे गुलाबी दिसते. भोक आणि त्याची झीज सगळ्यात आधीची, म्हणजे शिवराई गळ्यात होती. त्यावर हिरवा थर, म्हणजे नंतर ती जमिनीत गेली. घावाने तो थर कापला, म्हणजे नांगरताना वर आली. गुलाबी रंग मात्र भोकाच्या आत पोचलेला नाही, कारण चिंच तिथे घासली गेली नाही, म्हणजे स्वच्छता शेवटची. असे वाचन कागदावर लिहून, तारीख आणि सापडल्याचे ठिकाण घालून, तिरप्या उजेडातल्या दोन्ही बाजूंच्या आणि कडेच्या छायाचित्रांसह ठेवावे.

त्यानंतर नाण्याला फार काही करायचे नसते. सैल माती मऊ कुंचल्याने झटकावी, नाणे कडेने धरावे, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सिलिका जेलसह ठेवावे. फिकट पूड उगवत असेल तर ते नाणे इतरांपासून वेगळे करून संग्रहालयातील रसायनतज्ज्ञाला दाखवावे. शेतात किंवा घराच्या पायात नाणी सापडली असतील तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या सापडीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि तोवर मडक्यातली नाणी सुटी करू नयेत. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ते देशाबाहेर नेता येत नाही, मग ते कितीही झिजलेले असो.